आण्णांचं रिकामं ताट

१

धरणेंद्र मगदूमांना, म्हणजे घरच्यांच्या आण्णांना, बेशुद्ध अवस्थेत सांगलीच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा त्यांच्या रक्तात साखर उरली होती अवघी बावीस. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत आण्णा गेले. डॉक्टर म्हणाले, "एक तर इन्शुलिन जास्त गेलंय, नाहीतर पोटात अन्न नव्हतं." आता अन्न नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती. घरच्या वहीत रोज तिन्ही वेळेला "ताट रिकामं" असं निळ्या शाईत लिहिलेलं होतं. म्हणजे उरली सुई. आणि सुई टोचत होती धोंडुबाई.

धोंडुबाई पाटणकडची. साताऱ्याच्या संयोगिता घोरपड्यांनी तिला मगदूमांकडे पाठवलं होतं. संयोगिताबाई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर लोक गच्चीवर कुंड्या लावतात. या बाईंनी खेड्यातल्या गरजू बायका जमवल्या, त्यांना म्हाताऱ्यांची सेवा शिकवली आणि घरोघरी पाठवायला सुरुवात केली. जिभेला धार होती, पण शिकवणं चोख होतं. धोंडुबाई त्यांची पहिली विद्यार्थिनी.

आण्णा जाऊन चार दिवस झाले, आणि त्यांच्या मुलाचा, सन्मतीचा फोन आला.

"सिस्टर, उद्या संध्याकाळी मी पोलिसांत अर्ज देणार आहे. तुमच्या बाईनं माझ्या वडिलांना मारलं."

"अर्ज द्यायला मी अडवणार नाही," संयोगिताबाई म्हणाल्या. "फक्त दिवस मावळेपर्यंत थांबा. मी येते."

असा अर्ज एकदा गेला की पुढे कोर्टात काय व्हायचं ते होवो, पण धोंडुबाईला पुन्हा कोणी उंबऱ्याच्या आत घेणार नव्हतं. विधवा बाई, पदरात कुणी नाही. दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला उठवणं-बसवणं एवढीच तिची विद्या. संयोगिताबाईंनी पहाटेची एसटी धरली. कऱ्हाड येईपर्यंत त्यांनी स्वतःला एकच प्रश्न दहा वेळा विचारला: तिनं खरंच चूक केली असेल तर?

२

मगदूमांचं घर सांगलीपासून दोन कोसांवर, उसाच्या रानाला लागून. सोप्यात सतरंजी अंथरलेली, भेटायला येणाऱ्यांसाठी. धोंडुबाई बाहेर पायरीवर बसली होती. तिला आत बोलवायचं नाही, आणि जाऊही द्यायचं नाही, असं घरच्यांनी ठरवलं होतं.

"बाई, म्या बाराच दिलं ओ," ती उठून म्हणाली. "रोज बारा. एक काटा जास्त न्हाई. मला लिवता येत न्हाई म्हनून हिनवत हुते लोक, तुमी शिकिवलं. त्या वहीत खोटं कशाला लिवीन?"

"घाबरू नको. पेन कुठं आहे?"

इन्शुलिनचं पेन फ्रिजच्या दारात होतं. ते कुठल्या दिवशी सुरू केलं, ते वहीत होतं. संयोगिताबाईंनी चष्मा लावला, दिवस मोजून बारानं गुणले, पेनावरच्या रेघा पाहिल्या. हिशेब तंतोतंत जुळला. नवं पेन फोडलेलं नव्हतं, रिकामं कुठं टाकलेलं नव्हतं.

"सुई बरोबर आहे, सन्मतीभाऊ," त्या म्हणाल्या.

सन्मती पन्नाशीचा, हळदीचा व्यापारी. चार दिवसांत गाल आत गेले होते. "मग ताटही बरोबर आणि सुईही बरोबर, तर माझा बाप मेला कशानं?"

त्याचंच उत्तर शोधायला बाई आल्या होत्या. त्यांनी वही उलटी चाळली. सकाळी सुई द्यायच्या आधी साखर तपासायची आणि लिहायची, हा त्यांच्या बायकांचा नियम. शेवटच्या तीन दिवसांचे आकडे होते एकशे अडतीस, एकशे चार आणि एकोणऐंशी. जेवणाऱ्या माणसाची साखर तेवढ्याच औषधावर अशी जिना उतरल्यासारखी खाली येत नाही.

"धोंडुबाई, एकोणऐंशी बघून तू सुई दिलीस?"

धोंडुबाईनं मान खाली घातली. मग हळूच सन्मतीकडे पाहिलं.

"म्या फोन केलता. भाऊंस्नी."

"मला कसलाही फोन आलेला नाही," सन्मती म्हणाला. पण हे म्हणताना त्याचा हात आपसूक खिशातल्या मोबाइलवर गेला होता.

३

संयोगिताबाईंनी त्याला घराच्या कडेला, हळदीच्या रिकाम्या पोत्यांपाशी नेलं. माणसाला चारचौघांत उघडं पाडू नये, एकट्यात विचारावं; तीस वर्षांत त्यांना एवढं कळलं होतं.

सन्मती एकदम फुटला.

"सौद्यात होतो, सिस्टर. मार्केटात आरडाओरडा चाललेला. ती म्हणाली, साखर कमी आलीय, सुई देऊ का. मी म्हटलं, डॉक्टरांनी सत्तरच्या वर असली तर द्या म्हणून सांगितलंय, आणि साखर कमी येणं चांगलंच की. दे म्हणालो. मीच म्हणालो दे." त्यानं तोंड पुसलं. "रोज रात्री तेच ऐकू येतंय मला. म्हणून वाटलं, तिनंच काहीतरी जास्त दिलं असेल. असायलाच पाहिजे."

बाईंना त्याचा राग आला आणि कीवही आली. आपल्या काळजातला काटा दुसऱ्याच्या पायात रुतवायला निघाला होता बिचारा.

"तुमच्या एका शब्दानं साखर बावीसवर येत नाही," त्या म्हणाल्या. "आण्णा जेवलेले नव्हते. भरवत कोण होतं?"

"आई. दुसरं कोण भरवणार?"

सून ब्राह्मी स्वयंपाकघरात होती. तिनं सगळं नीट सांगितलं. ताट ती वाढायची. सासूबाई, म्हणजे त्रिशलाआक्का, ते घेऊन आण्णांच्या खोलीत जायच्या. सुई झाली की आक्का दार लावून घ्यायच्या, कारण आण्णांना परक्या बाईसमोर घास घ्यायला लाज वाटे. विसरण्याच्या आजारात ते पोरंबाळं विसरले, गाव विसरले, पण ती लाज विसरले नव्हते. तेवढ्यात धोंडुबाई गच्चीवर धुणं वाळत घालायची. खाली येऊन ताट बघायची आणि वहीत लिहायची.

"म्हणजे जेवताना धोंडुबाईनं कधी बघितलं नाही?"

"नाही. पण ताट चाटूनपुसून असायचं."

संयोगिताबाईंनी वही पुढ्यात ओढली. ती वही त्यांनीच आखून दिली होती. साखर, सुई, ताट, लघवी, झोप. ताट रिकामं दिसलं की लिहायचं, असं त्यांनीच शिकवलं होतं. माणूस जेवताना कोणी पाहिला, हा रकाना त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. म्हणजे शिकवण चोख, आणि नेमकी तिथंच फट.

त्यांनी झोपेच्या रकान्यावर बोट ठेवलं. बहुतेक दिवशी "बरी" असं होतं. अधूनमधून "दिवसभर पेंग" असं होतं.

"ही पेंग कसली?"

"थंडीचे दिवस, म्हातारं माणूस. आम्हाला काही वाटलं नाही," ब्राह्मी म्हणाली.

भिंतीवर जैन दिनदर्शिका होती. बाईंनी पेन्सिल घेतली आणि पेंगेचे दिवस एकेक करून तिच्यावर ताडून पाहिले. अष्टमी. चतुर्दशी. पुन्हा अष्टमी. पुन्हा चतुर्दशी. चार महिन्यांत एकही चुकली नव्हती.

"आण्णा उपास करायचे?"

"विसाव्या वर्षापासून," ब्राह्मीचा आवाज बारीक झाला. "अष्टमी-चतुर्दशीला निर्जळी नाही, पण उकळलेल्या पाण्याशिवाय काही नाही. इन्शुलिन सुरू झाल्यावर डॉक्टरांनी बंद करायला लावले. आण्णांना काय विचारणार? त्यांना तर स्वतःचं नावही सांगता यायचं नाही."

कोडं अर्धं सुटलं होतं. उरलेलं अर्धं मात्र जास्त अवघड झालं होतं. गेल्या पंधरवड्यातली चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी होऊन गेली होती. त्या दिवशीही पेंग होती, आणि तिच्यातून आण्णा सावरले होते. मग वद्य द्वितीया, तृतीया, चतुर्थी असे सलग तीन दिवस पेंग. या तीन दिवसांना कुठल्याही पंचांगात उपास नव्हता.

४

आण्णांची खोली मागच्या बाजूला होती. पलंग, पाटावर तांब्या, एक खिडकी. संयोगिताबाईंनी खिडकीची कडी काढली. फळी करकरली, तोच बाहेर गोठ्यातली म्हैस उभी राहिली आणि दावं ताणून तिनं मुंडी थेट गजांपर्यंत आणली. जीभ बाहेर काढून ती वाट पाहू लागली. मुक्या जनावराला खिडकीत काही मिळतं हे ठाऊक होतं. घरातल्या माणसांना ठाऊक नव्हतं.

मागं पावलं वाजली. त्रिशलाआक्का दारात उभ्या होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, डोक्यावरून पदर, बोलणं खानदानी. सकाळपासून त्यांनी दोनदा बाईंची विचारपूस केली होती.

"कुठनं आलासा म्हणायचं?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"साताऱ्याहून, आक्का."

"साताऱ्याहून व्हय? लय लांबनं आलासा. बसा की." त्या भागातल्या म्हाताऱ्या बायका बोलतात तशा आक्काही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. असा प्रश्न विचारायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

"आक्का, आण्णांचं ताट तुम्ही म्हशीला घालत होता ना?"

आक्का दचकल्या नाहीत. उलट, कोणीतरी अखेर विचारलं म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं.

"उपासाच्या दिवशी घालतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "डॉक्टरनं ह्यास्नी रोग सांगितला त्या दिवशी हे मला बस्तीत, आमच्या देवळात, घिऊन गेले. देवापुढं म्हणाले, त्रिशला, मी आता सगळं विसरत जाणार. तुलाबी विसरीन. पण माझा नेम मोडू दिऊ नको. मी शब्द दिला. मग सन्मती म्हणतोय उपास बंद. त्याला काय ठावं? आयुष्यभर पाळलेला नेम, शुद्ध गेली म्हणून चोरावा का हो माणसाचा? घास पुढं केला तर हे बाळावाणी तोंड उघडायचे. मीच घास मागं घ्यायचो. आणि आत जीव तुटायचा माझा."

"सुईनंतर पोटात काही गेलंच पाहिजे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

"सुई धोंडुबाईची. ताट माझं. मला कोण काय सांगतंय?"

खरं होतं. परक्या बाईला सगळे नियम शिकवले होते आणि घरच्या बाईला गृहीत धरलं होतं.

"आणि गेल्या आठवड्यात, आक्का? तीन दिवस लागोपाठ?"

"तीन दिवस? तीन दिवस कशाला करीन? चतुर्दशी एकच असती की." आक्का हसल्या. मग एकदम काही आठवल्यासारखं उठल्या. "आगं बाई, तुमास्नी जेवायला थांबा म्हणलं असतं, पण आज माझ्या तोंडात काय जायचं न्हाई. ब्राह्मी वाढंल तुमास्नी. आज चतुर्दशी हाय न्हवं?"

त्या दिवशी दशमी होती.

संयोगिताबाईंनी पुढं होऊन आक्कांचा हात धरला.

"कुठनं आलासा म्हणायचं?" आक्कांनी विचारलं.

५

सोप्यात त्यांनी सन्मतीला, ब्राह्मीला आणि धोंडुबाईलाही बोलावलं. धोंडुबाई उंबऱ्याशी अडली, तेव्हा बाईंनी तिला हाताला धरून आत आणलं.

"आण्णांना कोणी मारलं नाही," त्यांनी सुरुवात केली, आणि काही न लपवता सगळं सांगितलं. पेन, वही, पेंग, म्हैस, बस्तीतला शब्द. "एकेका दिवसाचा उपास आण्णांनी कसाबसा सोसला. पण आक्कांना काल उपास झाला हे दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं. रोज सकाळी त्यांच्यासाठी नवी चतुर्दशी उगवत होती. चतुर्दशीला आणि पुढच्या त्या तीन दिवशी मिळून त्यांनी एका आठवड्यात चार चतुर्दश्या पाळल्या, आणि चौथी आण्णांना सोसली नाही. जो आजार आण्णांना होता, त्याची सुरुवात आता आक्कांना आहे. निदान डॉक्टर करतील, पण मला शंका नाही."

"शक्य नाही," सन्मती म्हणाला. "आई अजून सगळ्या नातेवाइकांची नावं सांगते."

"जुनी नावं सांगतात. आण्णा गेल्यापासून काय चाललंय?"

ब्राह्मीच रडू लागली. "एकाआड एक दिवस उपास सांगताहेत. आणि आण्णांचं ताट वाढा म्हणतात. मला वाटलं, दुःखानं."

"सगळ्यांना तसंच वाटणार. दुःखाच्या घरात विसरभोळेपणा झाकून जातो. मलासुद्धा तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं, आणि मी तीस वर्षं हेच काम केलंय."

सन्मती दोन्ही हातांत डोकं धरून बसला. मग उठला आणि धोंडुबाईपुढं हात जोडून उभा राहिला.

धोंडुबाई मागं सरली. "माज्या पाया-बिया पडू नगा. मला खुनी म्हनलासा, गावानं ऐकलं. आता गावालाच सांगा. आन् भाऊ, आक्कांस्नी मातर काय बोलू नगा. त्यास्नी सोसायचं न्हाई."

"मला काय सोसायचं न्हाई?"

आक्का मधल्या दारात उभ्या होत्या. त्या किती वेळ तिथं होत्या कोण जाणे. पण डोळे लख्ख होते. असे लख्ख क्षण या आजारात येतात, आणि ते आले नाहीत तर बरं, असं कधीकधी वाटतं.

"मीच मारलो व्हय ह्यास्नी?"

सन्मती म्हणाला, "नाही, आई."

"तू गप. ह्या सांगतील." आक्कांनी संयोगिताबाईंकडे बोट केलं. "दवाखान्यातल्या हायसा. खरं सांगा."

बाईंनी खरं सांगितलं. मऊ शब्दांत, पण खरं. आक्का खाली बसल्या. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला, तो ऐकून ब्राह्मीनं कान झाकले. पुष्कळ वेळानं त्या म्हणाल्या, "कागद आणा."

त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. अक्षर वळणदार, जुन्या सातवीचं. "माझ्या यजमानांना मी अन्न दिले नाही. नेमासाठी दिले नाही. तीन दिवस जास्त झाले, ते मला कळले नाही. धोंडुबाईचा काही दोष नाही." खाली सही, त्रिशला धरणेंद्र मगदूम. तो कागद त्यांनी आधी धोंडुबाईच्या हातात दिला. तिच्याकडून वाचून घेतला आणि मग सन्मतीकडे दिला.

"मी हे विसरणार. उद्या न्हाईतर आत्ताच. पण विसरून सुटायचं मला न्हाई. रोज जेवायच्या आधी हे मला वाचून दाखीव. रोज. मी रडलो तरी, मला वाचू नको म्हणलो तरी. शब्द दे, सन्मती."

संयोगिताबाईंना वाटलं, ओरडून सांगावं, देऊ नको. याच घरात एका शहाण्या माणसानं आपल्या पुढच्या, नेणत्या जिवावर एक नेम लादला होता, आणि त्या नेमानं त्याला उपाशी मारलं होतं. पण समोर बाई पूर्ण शुद्धीवर होती, आणि स्वतःबद्दल बोलत होती. तिचं ऐकायचं नाही, तर कुणाचं ऐकायचं? उद्या सकाळी जी घाबरलेली, गोंधळलेली म्हातारी उठेल, तिचं? त्या दोघींपैकी खरी आक्का कुठली, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

सन्मतीनं आईच्या हातावर हात ठेवला. "शब्द दिला, आई."

६

गावाला सांगायचं काम सन्मतीनं तेव्हाच उरकलं. भाऊबंदांना बोलावून सोप्यात, सगळ्यांसमोर, धोंडुबाईला सतरंजीवर बसवून सांगितलं. कागदाची एक प्रत तिला दिली. पुढंही आईसाठी राहा, असं विनवलं. धोंडुबाई नाही म्हणाली. "माजं मन उडालं, भाऊ. दुसरी बाई द्येतील आमच्या बाई."

कलत्या उन्हात दोघी निघाल्या. घरात दिवस मावळायच्या आधीची जेवणं चालली होती. ब्राह्मीनं निरोपाला थांबवलं, म्हणून त्या मधल्या दाराशी उभ्या राहिल्या. आक्का पाटावर बसल्या होत्या. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. पुढ्यात भाकरी, आमटी, वाटीत दूध. सन्मती समोर मांडी घालून बसला होता, आणि कागद त्याच्या हातात होता.

"ह्यास्नी हाक मारा की रं," आक्का म्हणाल्या. "दिवस बुडाय आला. मग जेवत न्हाईत ते."

सन्मतीनं कागदाची घडी उलगडली. ओठ हलवले. आक्का त्याच्याकडे बघत होत्या, हातातला घास तसाच. आवाज निघाला नाही. त्यानं पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"काय झालं? जेवले का ते?"

सन्मतीनं संयोगिताबाईंकडे पाहिलं. 'खोटं बोलायचं नाही, रुग्णाशी कधीच नाही' असं ज्यांनी आपल्या प्रत्येक बाईला शिकवलं होतं, त्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर तोंडाशी नेला.

"जेवले, आई," सन्मती म्हणाला. "आत्ताच. पोटभर जेवले."

"मग बरं झालं," म्हणाल्या आक्का, आणि त्यांनी घास तोंडात घातला.

सन्मती कागद मांडीखाली दाबून बसून राहिला. आईचं जेवण होईपर्यंत तो तिथून हलला नाही. पायरीवर धोंडुबाई चपला घालायला वाकली आणि तिथंच बसली. पाच दिवस जी बाई खुनाचा आळ अंगावर घेऊन कोरड्या डोळ्यांनी बसली होती, ती आता हुंदके देऊन रडत होती.

"चल," संयोगिताबाई म्हणाल्या. पण त्या स्वतःही तिच्या शेजारी पायरीवर बसल्या, आणि साताऱ्याची एसटी त्या दिवशी दोघींची चुकली.